‘सोलापुरात बिझनेस इंग्लिश कशाला?’ या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागून कॉलेजांत प्रवेशाची गडबड सुरू झाली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला, समाजाच्या ग्रुपवर आला, कारखान्यातल्या पोरांच्या स्टेटसवरही दिसला. मजकूर साधारण असा:

‘कॉलेजात बिझनेस इंग्लिशवर वेळ घालवू नका. सोलापूरचा धंदा मराठी, तेलुगु, कन्नड, हिंदीत चालतो. आता एआय दोन सेकंदांत पत्र लिहून देतो. चीन, जपान, जर्मनी इंग्रजीशिवाय पुढे गेले. त्यात इंग्रजी माध्यमाची पोरंच टिकतात, आपली पोरं नुसती खचतात. तो पेपर म्हणजे निव्वळ पाठांतर. गरज पडलीच तर तीन महिन्यांचा क्लास लावा. आणि इंग्रजी आलं की पोरगं पुण्याला पळतं, आईबाप इथं एकटे.’

खाली कुणाचं नाव नसतं, पण अंगठे भरपूर. अंगठा देणाऱ्यांत ओळखीचे कारखानदार आहेत, पोरांचे आईबाप आहेत, प्राध्यापकही आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. इथल्याच कॉलेजांतून पदवी घेतलेली पोरं-पोरी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून काम शिकतात. या मेसेजवर विश्वास ठेवून त्यांनी तीन वर्षं घालवली तर त्यांचं काय होतं, ते मला रोज दिसतं.

सुरुवात सोलापूरच्या धंद्यापासून. तो मराठी, तेलुगु, कन्नड, हिंदीत चालतो, हे अगदी खरं आहे. चाटी गल्लीतल्या कापडबाजारात गिऱ्हाईक कन्नडमधून भाव विचारतं, दुकानदार मराठीत सांगतो, आतून माल काढणारा तेलुगुत उत्तर देतो. पूर्व भागातल्या यंत्रमागांवर तेलुगुशिवाय पान हलत नाही. सूत उचलायचं, माग दुरुस्त करणारा जॉबर ठेवायचा, रंगाईवाल्याशी तारखेवरून हुज्जत घालायची, यातल्या कशालाच इंग्रजी लागत नाही आणि लागूही नये. पण धंद्यात बोलण्याइतकाच मोठा भाग कागदाचा असतो. माल जिल्ह्याबाहेर निघाला की तो कागद बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. आणि वाद झाला की फोनवर काय बोलणं झालं होतं ते कुणी विचारत नाही, कागद काढा म्हणतात.

आमच्या टेबलावरचंच उदाहरण घेऊ. परदेशी खरेदीदार त्याच्या बँकेत लेटर ऑफ क्रेडिट उघडतो, आम्ही त्याला एलसी म्हणतो. बँकेचा शब्द असा असतो की ठरलेली कागदपत्रं ठरल्याप्रमाणे सादर करा, पैसे आम्ही देतो. या व्यवहाराला सहसा इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे यूसीपी ६०० हे नियम लागतात. ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यातला पायाभूत नियम असा की बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नव्हे. तुमचा टॉवेल कितीही मऊ असू दे, रंग कितीही पक्का असू दे, इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळलं नाही तर बँक विसंगती काढून पैसे अडवू शकते. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात. आणि एलसीत वेगळं काही म्हटलेलं नसेल तर माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांत सगळे कागद बँकेत जावे लागतात.

समजा एलसीत २०,००० नग टॉवेल लिहिलेत, आणि माल एकाच खेपेत पाठवायचा अशीही अट आहे. मागावरून माल उतरतो, धुलाई-रंगाईत काही नग बाद होतात, तपासणीत आणखी काही निघतात, आणि पॅकिंगला येतात १९,४००. चालेल का? नियमांत पाच टक्के कमी-जास्तीची सवलत आहे, पण ती वजनात किंवा लांबीत मोजल्या जाणाऱ्या मालाला. नगांत मोजलेल्या मालाला ती लागू होत नाही. म्हणजे सहाशे नगांसाठी सगळी कागदपत्रं अडकली. आता त्याच एलसीत आकड्याच्या आधी ‘अबाउट’ एवढा एकच शब्द असता तर? मग दहा टक्के कमी किंवा जास्त चाललं असतं. तारखेच्या आधी ‘ऑन ऑर अबाउट’ असेल तर त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंतचा कुठलाही दिवस चालतो. या सवलती आयत्या मिळत नाहीत. ऑर्डर घेताना, एलसी उघडण्याआधी, खरेदीदाराला चार ओळींची सरळ, नम्र मेल पाठवून त्या मागायच्या असतात. कुठला शब्द का हवा, हे मागणाऱ्याला आधी कळलेलं असावं लागतं.

मी बिझनेस इंग्लिश म्हणते ते याला. टाय लावून स्टेजवर बोलणं नव्हे, ‘कॉन्फिडन्स’ नव्हे. समोर आलेला कागद ओळ न ओळ वाचता येणं आणि आपल्याला हवं तेच, तेवढंच, लिहिता येणं.

हे ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय होतं, तेही सांगते. आपल्याकडचे कितीतरी कारखानदार मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरमार्फत, म्हणजे दुसऱ्याचा माल घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्यामार्फत, माल बाहेर पाठवतात. त्यात गैर काही नाही. तोही जोखीम घेतो, भांडवल घालतो. पण बरेचदा मूळ कारण एवढंच असतं की ‘मेलाबिलाचं कोण बघणार?’ मग परदेशातलं गिऱ्हाईक कोण आहे, त्यानं भाव काय दिला, पुढच्या हंगामात त्याला कुठला रंग हवा आहे, यातलं काहीच कारखान्यापर्यंत पोचत नाही. सोलापुरी चादरीला आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलला, दोन्हींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. नाव आपलं, माग आपला, घाम आपला, आणि गिऱ्हाईकाशी बोलणारा माणूस मात्र चारशे किलोमीटरवर दुसराच. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

‘आम्ही निर्यात करतच नाही’ म्हणणाऱ्यांसाठीही थोडं. आपल्या शहरात शाळेचे गणवेश शिवणारे शेकडो लोक आहेत, त्यांचा माल बेंगळुरू, हैदराबादपासून लांब लांब जातो. बाहेरच्या मोठ्या कंपनीची परचेस ऑर्डर इंग्रजीत येते, मागच्या पानावर बारीक अक्षरात अटी असतात, त्यात ‘पेमेंट ९० दिवसांनी’ असं छापलेलं असतं. आपला माणूस पुढचं पान बघतो, सही-शिक्का मारतो. आता, २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी कराराची मुदतही ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि लेखी करारच नसेल तर पैसे १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. कायदा तुमच्या बाजूचा आहे. पण तो वापरायचा तर इन्व्हॉइस नंबर, तारीख, रक्कम, किती दिवस उलटले, कुठल्या कलमाखाली मागतो आहोत, हे त्या कंपनीच्या अकाउंट्स खात्याला समजेल अशा भाषेत लिहावं लागतं. ‘साहेब, तेवढं पेमेंटचं बघा की’ असा व्हॉइस मेसेज त्या खात्याच्या फाइलला लागत नाही.

शेतीचंही वेगळं नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची नोंद अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर होते, डाळिंबाची अनारनेटवर. प्रयोगशाळेचा फवारणीच्या औषधांच्या अंशांचा अहवाल येतो तो इंग्रजीत. कुठल्या औषधाचा अंश किती निघाला आणि मर्यादा किती होती, हे दोन रकाने ज्याला स्वतःला वाचता येतात, त्याला व्यापाऱ्यानं ‘तुमचा प्लॉट फेल गेला’ म्हटल्यावर निदान विचारता तरी येतं की कशात फेल गेला, दाखवा.

आता एआय. मेसेजमधला हा मुद्दा पोरांना सगळ्यात जास्त पटतो, म्हणून यावर थोडं थांबते.

एआय पत्र लिहून देतो, हे खरं आहे. मीही वापरते, आणि चांगलं वापरते. व्याकरण तपासायला, लांबलेलं पत्र आखूड करायला त्याच्यासारखा मदतनीस नाही. प्रश्न पुढचा आहे. पत्र त्यानं लिहिलं तरी खाली नाव कंपनीचं जातं, आणि जबाबदारी नावावर येते.

समजा खरेदीदाराची मेल आली: दोन धुलायांत टॉवेलचा रंग उतरला, सोबतचा पांढरा कपडा डागाळला. नवीन लागलेल्या पोरानं मोबाइलमध्ये टाइप केलं, ‘गिऱ्हाईकाला माफीचं पत्र लिही’. दोन सेकंदांत छान, गुळगुळीत पत्र तयार होतं. त्यात काय असतं बघा. ‘झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. या त्रुटीची संपूर्ण जबाबदारी आम्ही स्वीकारतो. आमच्या गुणवत्ता विभागानं चौकशी केली आहे. संपूर्ण माल विनामूल्य बदलून देऊ.’ वाक्यं सुंदर, चूक एकही नाही. पण चौकशी अजून झालेलीच नाही. रंग आमच्या लॉटमुळे (एका वेळी रंगवलेल्या मालामुळे) गेला की त्यांनी ब्लीच घालून उकळत्या पाण्यात धुतलं, ते कुणालाच माहीत नाही. आणि तरी त्या एका पत्रानं कंपनीनं कंटेनरभर मालाचा क्लेम, म्हणजे भरपाईचा दावा, मान्य केला. उद्या भांडण झालं तर समोरचा पहिला कागद काढेल तो हाच.

खरं उत्तर वेगळं असतं. तुमची मेल मिळाली, तक्रार आम्ही गांभीर्यानं घेतली आहे. लॉट नंबर कळवा, लेबलचा आणि डागाळलेल्या कपड्याचा फोटो पाठवा, कुठल्या तापमानाला आणि कशानं धुतलं ते सांगा. आमच्याकडे त्याच लॉटचा नमुना ठेवलेला आहे, तो रंगाच्या पक्केपणाच्या चाचणीला पाठवतो आहोत, अहवाल आल्यावर अमुक तारखेपर्यंत कळवतो. पत्र नम्र आहे, गिऱ्हाईकाला धीर देणारं आहे, पण कसलीही कबुली न देणारं. हे पत्रही एआय लिहून देईल, नक्की देईल. पण त्याला काय सांगायचं आणि त्यानं दिलेल्यातून काय खोडायचं, हे ठरवायला जी समज लागते तीच तर कॉलेजात शिकायची आहे. पूर्वी वाईट इंग्रजीतलं पत्र वाईट आहे हे लांबूनच कळायचं. आता चुकीचं पत्रही उत्तम इंग्रजीत येतं, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर पूर्वीपेक्षा जास्त तयार लागते. एआय आला म्हणून बिझनेस इंग्लिश सोडा, हा सल्ला नेमका उलटा आहे.

चीन, जपान, जर्मनीचं उदाहरण ऐकायला अभिमानाचं वाटतं, पण ते तपासून बघितलेलं दिसत नाही. चीनमध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची देशव्यापी परीक्षा १९८७ पासून आहे, आणि २००१ च्या धोरणानं तिथल्या शाळांत तिसरीपासून इंग्रजी आणलं गेलं. जपानची गोष्ट तर आपल्या विषयाला थेट भिडते. टोइक ही कामाच्या ठिकाणच्या इंग्रजीची परीक्षा आज जगभर ओळखली जाते. ती पहिल्यांदा झाली १९७९ साली जपानमध्ये, जपानी उद्योगांच्या गरजेतून. राकुतेन या जपानी कंपनीनं २०१० मध्ये जाहीर केलं की कंपनीच्या आतलं कामकाजसुद्धा इंग्रजीत करायचं. जर्मनीचं म्हणाल, तर फ्रँकफर्टला दर जानेवारीत घरगुती कापडाचं हाइमटेक्स्टिल हे मोठं प्रदर्शन भरतं. टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या कुणालाही ते माहीत आहे. तिथे जर्मन माणूस तुर्की, पाकिस्तानी, भारतीय कारखानदारांशी बोलतो ते इंग्रजीतच.

या देशांनी आपलं विज्ञान, आपलं शिक्षण आपल्या भाषेत ठेवलं, हे त्यांचं मोठेपण. मराठीतही ते व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण त्यांनी गिऱ्हाईकाची भाषा टाळली नाही. आणि चीनचं नाव घ्यायचंच असेल तर सोलापूरकरांनी भैय्या चौकातल्या घरातून गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण ठेवायला हवी. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे नुसती दुभाष्यावर भिस्त ठेवली नाही. चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, त्या भाषेत रुग्ण बघितले, विद्यार्थी शिकवले. काम जिथे आहे तिथली भाषा शिकायची, यात कमीपणा कसला?

‘आपली पोरं नुसती खचतात’ या वाक्याचा मला खरा राग येतो, कारण पोरं ते वाचतात आणि खरं मानतात.

आमच्याकडे आलेली एक मुलगी, बी.कॉम. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. पहिल्या आठवड्यात म्हणाली, ‘मॅडम, वाचून कळतंय ओ, पण लिहायला बसलं की हात थांबतोय.’ मी तिला म्हटलं, आधी मराठीत सांग, काय कळवायचंय? तिनं एका दमात सांगितलं: गाडी उशिरा निघाली, न्हावा शेवा बंदरात माल पोचवायची शेवटची वेळ (कटऑफ) चुकायची शक्यता आहे, पुढचं जहाज शुक्रवारी आहे, त्यांना चालेल का ते विचारायचंय. चार गोष्टी, योग्य क्रमानं, एकही फालतू शब्द नाही. मग त्याच चार गोष्टी चार साध्या इंग्रजी वाक्यांत लिहायला लावल्या. दहा मिनिटांत झालं. तिला अडवत होती ती ‘रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट’ ही शाळेपासून डोक्यात बसलेली सुरुवात. ती काढून टाकली, हात मोकळा झाला.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, मराठी शाळांतही. म्हणजे आज कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या मराठी माध्यमाच्या पोरानं बारा वर्षं इंग्रजी वाचलेलं असतं. शब्द त्याच्याकडे आहेत, वापरायची वेळ आलेली नसते इतकंच. आणि सोलापूरचं पोरगं तर भाषांच्या बाबतीत मुळातच तयार असतं. घरात तेलुगु किंवा कन्नड, शाळेत मराठी, रस्त्यावर दखनी हिंदी. समोरचा माणूस बघून भाषा बदलायची सवय त्याला लहानपणापासून असते. अशा पोराला ‘तुला चौथी-पाचवी भाषा झेपणार नाही’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं? इंग्रजी माध्यमाची पोरं बोलायला सराईत असतात, मान्य. पण बोलायला सराईत असणं आणि क्लेमचं उत्तर नेमकं लिहिणं ही वेगवेगळी कौशल्यं आहेत. दुसऱ्या कौशल्यात दोघंही शून्यापासूनच सुरू करतात, हे मी माझ्या टेबलावर बघितलं आहे.

पेपरात पाठांतर असतं, हा आरोप मी नाकारत नाही. तो बऱ्याच ठिकाणी खरा आहे. ‘व्यावसायिक पत्राची सात वैशिष्ट्यं सांगा’ असा प्रश्न येतो, पोरं ती सात वैशिष्ट्यं गाइडमधून पाठ करतात, आणि तीन वर्षांत एकही खरं पत्र न लिहिता पास होतात. संवादातले अडथळे किती प्रकारचे, याची यादी पोराला तोंडपाठ असते. समोर परचेस ऑर्डर ठेवली की डिलिव्हरीची तारीख कुठे आहे ते शोधता येत नाही. यात पोरांचा दोष नाही. एकेका वर्गात शंभरच्या वर पोरं असतील तर प्रत्येकाचं पत्र तपासायचं कसं, ही शिक्षकांचीही खरी अडचण आहे.

पण यावरचा उपाय पेपर सोडून देणं हा नसून तो बदलणं हा आहे, आणि सोलापूरला ते इतरांपेक्षा सोपं आहे. आपलं विद्यापीठ २००४ साली झालं ते एका जिल्ह्यासाठी. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना नाना तऱ्हांच्या गावांचा विचार करावा लागतो. इथे मात्र टॉवेल, चादर, गणवेश, द्राक्ष, डाळिंब, साखर आणि इंजिनिअरिंगचे सुटे भाग, एवढं डोळ्यासमोर ठेवलं तरी जिल्ह्याचा बराचसा धंदा येतो. परदेशी वाहन कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारा कारखाना याच शहरात उभा राहिला आहे. मग वर्गात कुठल्याशा काल्पनिक ‘एबीसी कंपनी’चं पत्र कशाला? नाव-पत्ता झाकलेली खरी परचेस ऑर्डर द्या. खरी एलसी द्या, त्यातल्या तारखा आणि अटी पोरांना शोधून काढायला सांगा. एआयनं लिहिलेलं माफीचं पत्र द्या आणि विचारा, यातलं कुठलं वाक्य कंपनीला महागात पडेल? शंभर पोरांच्या वर्गातही पाच-पाचच्या गटांत हे होतं, कारण पत्र गटाचं एकच येतं. विषय आधी मराठीत बोलू द्या, मग इंग्रजीत लिहू द्या. कागद कारखान्यांकडून मागा. नाव झाकून द्यायला बहुतेक लोक तयार होतील, मी तर नक्की देईन.

क्लासचा मुद्दा थोडक्यात. तीन महिन्यांचे स्पोकन क्लास ‘हॅलो, हाउ आर यू’पासून मुलाखतीपर्यंत बोलायला शिकवतात, भीड चेपते, ते चांगलंच आहे. पण तिथे कागद नसतात. कागदांची नजर तीन महिन्यांत येतही नाही. अकाउंटन्सी, बँकिंग, व्यापारी कायदा हे विषय सोबत चालू असताना, तेच शब्द पुन्हा पुन्हा समोर येऊन ती तयार होते. असं एकत्र फक्त कॉलेजात मिळतं, आणि तेही फीमध्ये आधीच भरलेलं. वर क्लासचे हजारो रुपये वेगळे का द्यायचे?

राहिलं शेवटचं, पुण्याला पळण्याचं. हे वाक्य मेसेजमध्ये सगळ्यात शेवटी असतं आणि आईबापांच्या मनाला सगळ्यात आधी लागतं. दुःख खरं आहे. सकाळची पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस बघा, रविवारची संध्याकाळची गाडी बघा, सोलापूरची अर्धी तरुणाई डब्यात असते. पण इंग्रजी न आलेली पोरं इथं थांबतात का? तीही जातात. चाकणच्या गोदामात, डिलिव्हरीच्या गाडीवर, बारा-बारा तासांच्या पाळीत. पोरं जातात ती इथं पुरेसा पगार नाही म्हणून, आणि पगार वाढायचा तर गिऱ्हाईकाशी थेट व्यवहार करणारे कारखाने इथं वाढायला हवेत. तो व्यवहार सांभाळणारी माणसं इथलीच हवीत. दुपारची जेवणं उरकेपर्यंत युरोपातली ऑफिसं उघडलेली असतात, आणि त्यांना अक्कलकोट रोडवरून उत्तर गेलं काय आणि अंधेरीवरून गेलं काय, फरक पडत नाही.

आणि मुलींचा विचार या मेसेजनं केलेलाच नाही. कित्येक घरांत पोरीला पुण्याला एकटी पाठवायची तयारी नसते. ती पदवी घेते आणि घरी बसते, किंवा चार हजारांवर दुकानात बिलं करते. डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे निर्यातीच्या कागदपत्रांचं, काम घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, बसून करायचं आहे, आणि अनुभवानं पगार वाढत जाणारं आहे. आमच्या रस्त्यावरचे कारखानदार असं माणूस एकमेकांकडे फोन करून मागतात. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आमच्याकडेच नाही ओ, मिळालं तर आम्हालाही सांगा.’